खिडकीतलं कार्ड

वेल्सच्या उत्तरेला बेथेस्डा नावाचं एक छोटं गाव आहे. बँगोर या विद्यापीठाच्या शहरापासून बसने गेलं तर वीसेक मिनिटांवर. बँगोरमध्ये शिकत असताना मी एक वर्ष तिथे राहिलो. कारण अगदी साधं होतं. बँगोरमधल्या खोल्यांचं भाडं परवडत नव्हतं आणि बेथेस्डातल्या एका आजींकडे वरच्या मजल्यावरची खोली रिकामी होती. गावाचा इतिहास वगैरे माझ्या डोक्यातही नव्हता.

पहिल्या आठवड्यात एक गंमत लक्षात आली. गावाचा मुख्य रस्ता सरळसोट लांब आहे. लंडनहून होलीहेड बंदराकडे जाणारा हा हमरस्ता टेलफर्ड नावाच्या इंजिनियरने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला आणि गाव त्याच्या कडेकडेने वाढत गेलं. पण या रस्त्यावरचे सगळे पब एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला दुकानं, घरं, चॅपल, सगळं आहे. पब मात्र नाही. मला वाटलं योगायोग असेल. तसं नव्हतं. एका बाजूची जमीन लोकांच्या स्वतःच्या मालकीची होती आणि दुसऱ्या बाजूची लॉर्ड पेनरिनची. लॉर्डसाहेबांच्या जमिनीवर दारूचं दुकान चालायचं नाही. आता लॉर्डचा हुकूम नाही, तरी पब अजून तिकडेच आहेत. त्यातल्या डग्लस आर्म्स नावाच्या पबची ख्याती अशी की १९७१ मध्ये ब्रिटनने शिलिंग-पेन्स मोडीत काढून दशमान नाणी आणली तरी हा पब पुढे कित्येक वर्षं जुन्याच पैशांत व्यवहार करत राहिला. गाव कसलं आहे ते एवढ्यावरून कळावं.

गावाचं नावही आधी गावाचं नव्हतं. १८२० मध्ये इथे एक चॅपल उभं राहिलं, त्याला बायबलमधलं बेथेस्डा हे नाव दिलं, आणि भोवती वस्ती वाढली तसं तेच नाव वस्तीला चिकटलं. वस्ती वाढली ती खाणीमुळे. गावाच्या वर डोंगर कापून काढलेली पेनरिनची स्लेटची खाण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही जगातली सर्वांत मोठी स्लेट खाण होती. जवळजवळ एक मैल लांब, साडेतीनशे मीटरहून जास्त खोल, आणि कामाला तीन हजारांच्या आसपास माणसं.

स्लेट म्हणजे आपल्या पाटीचा दगड. माझ्या आईच्या पिढीपर्यंत सगळे त्यावरच बाराखडी शिकले. इथे मात्र तो मुख्यतः छपरांसाठी निघायचा. ब्रिटनच्या गिरण्यांची शहरं वाढत होती, त्या सगळ्या घरांना छप्पर हवं होतं. पातळ कौलासारखे हे चौकोनी तुकडे निरनिराळ्या मापांत कापत आणि मापांना नावं असत उमराव घराण्यांतल्या बायकांची! चोवीस इंच बाय बारा इंच म्हणजे ‘डचेस’. वीस बाय दहा म्हणजे ‘काउंटेस’. त्याहून लहान ती ‘लेडी’. धुळीने माखलेला माणूस दिवसभर छिन्नीने डचेस आणि काउंटेस फोडत बसायचा. हिशेबही खास होता. ‘हजार’ स्लेट म्हणजे बाराशे, आणि वर तुटफुटीसाठी आणखी साठ. हजाराला बाराशे साठ मोजून द्यायचे!

कामाची पद्धत समजून घेतल्याशिवाय पुढची भानगड कळणार नाही, म्हणून थोडं सांगतो. खाणकामगार स्वतःला मजूर समजत नसत. तीन-चार जणांची टोळी असायची. दर महिन्याला टोळीला खडकाचा साधारण सहा यार्ड रुंदीचा पट्टा नेमून दिला जाई. त्या पट्ट्याला म्हणायचे ‘बार्गेन’. खडक चांगला असेल तर भरपूर स्लेट निघणार, वाईट असेल तर नुसताच ढिगारा. म्हणून दर महिन्याला मुकादमाशी घासाघीस करून दर ठरवायचा: खडक वाईट तर दर जास्त, चांगला तर कमी. दोघे दोरखंड मांडीला गुंडाळून कड्यावर लटकत आणि सुरुंग लावत, बाकीचे शेडमध्ये बसून दगड फोडत. दारूगोळा, दोर, हत्यारांना धार लावणं, हा सगळा खर्च टोळीचाच.

यात मेख अशी की दर ठरवणारा मुकादम खूश असेल तर चांगला खडक आणि चांगला दर, नाहीतर महिनाभर उपाशी. पण याच पद्धतीत माणसाचा मानही होता. तो वाटाघाटी करणारा कारागीर होता. खडकाच्या शिरा कुठून कुठे जातात ते त्याला कळत होतं, मॅनेजरला नाही. मॅनेजर इंग्रजी बोलणारा, हा वेल्श बोलणारा. मालक चर्च ऑफ इंग्लंडचा आणि टोरी पक्षाचा, हा चॅपलवाला आणि लिबरल. जेवणाच्या सुट्टीत खाणीतल्या ‘काबान’ नावाच्या खोपटात माणसं जमत आणि तिथे रीतसर अध्यक्ष नेमून वादविवाद चालत, गाणी, कविता, धर्म, राजकारण सगळ्यावर. बँगोरचं विद्यापीठ १८८४ मध्ये सुरू झालं, त्याच्या उभारणीला या भागातल्या खाणकामगारांनी पगारातून पेनी-पेनी वर्गणी दिली. कॉलेज भरलं ते पेनरिन आर्म्स नावाच्या जुन्या हॉटेलात. मी जिथे शिकत होतो त्या संस्थेची मुळं अशी या धुळीत आहेत, हे मला कोणी प्रवेशाच्या वेळी सांगितलं नव्हतं.

आता मालकाबद्दल. पेनरिन घराण्याचा पैसा मुळात दगडाचा नव्हता, साखरेचा होता. खाणीचा व्यवसाय १७८२ पासून मोठा करणारा रिचर्ड पेनंट हा जमैकामधल्या उसाच्या मळ्यांचा मालक. मळ्यांवर राबायचे आफ्रिकेतून आणलेले गुलाम. हा गृहस्थ लिव्हरपूलचा खासदार होता आणि गुलामांचा व्यापार बंद करू नये म्हणून पार्लमेंटात बोलला. साखरेच्या नफ्यातून खाण, रस्ते, बंदर उभं राहिलं. पुढे ब्रिटनने गुलामगिरी बंद केली तेव्हा नुकसानभरपाई दिली. गुलामांना नव्हे, मालकांना! पेनरिनच्या वारसाला ७६४ माणसांपोटी १४,६८३ पौंड मिळाले. त्याच सुमाराला बँगोरच्या बाहेर नॉर्मन पद्धतीचा एक प्रचंड किल्ला पुरा होत आला होता. किल्ला जुना वाटतो, पण आहे एकोणिसाव्या शतकातला. आत एक टनाचा स्लेटचा पलंग आहे, १८५९ मध्ये राणी व्हिक्टोरिया येणार म्हणून केलेला. ती त्यावर झोपली नाही, थडग्यासारखा दिसतो म्हणाली, असं सांगतात. मला ती गोष्ट खरी असावी असं फार वाटतं.

१८७४ मध्ये कामगारांची युनियन झाली आणि खाणीत तिचं ऐकलंही जाऊ लागलं. १८८५ मध्ये खाणीचा कारभार जॉर्ज शोल्टो डग्लस-पेनंट याच्या हातात आला. पुढच्या वर्षी बाप वारला आणि हाच दुसरा लॉर्ड पेनरिन झाला. त्याचं म्हणणं एका ओळीत सांगता येईल: माझी मालमत्ता मी कशी चालवायची हे मला कोणी सांगायचं नाही. युनियन वगैरे त्याला मान्यच नव्हतं. ई. ए. यंग नावाचा हिशेबनीस वळणाचा मॅनेजर त्याने आणला. १८९६-९७ मध्ये अकरा महिने काम बंद पडलं आणि कामगार हरले. मग १९०० मध्ये खाणीच्या आवारात युनियनची वर्गणी गोळा करायला बंदी आली. बार्गेनच्या जागी मोठे पट्टे ठेकेदारांना द्यायचं सुरू झालं. म्हणजे कालचा कारागीर आज ठेकेदाराचा मजूर. शरद ऋतूत काही ठेकेदारांना मारहाण झाली, खटले भरले गेले. कामगार आपल्या सोबत्यांसाठी कोर्टावर चालत गेले, म्हणून सगळ्यांना चौदा दिवस कामावरून काढलं. परत आले तर आठ गॅलऱ्यांमधल्या सुमारे आठशे माणसांना बार्गेन दिलंच नव्हतं. २२ नोव्हेंबर १९०० ला बाकीच्यांनी हत्यारं खाली ठेवली. सुमारे २,८०० माणसं खाणीतून बाहेर पडली.

ती तीन वर्षं परत आत गेली नाहीत. वेल्शमध्ये याला नुसतं ‘मोठा संप’ म्हणतात. कोणता ते सांगावं लागत नाही. संप की टाळेबंदी, यावर अजून वाद आहे. गिरणी संपाच्या गोष्टी घरात ऐकलेल्या मराठी माणसाला हा वाद नवा नाही.

पैसा येणार कुठून? गावातली गायनमंडळं बाहेर पडली. बायकांची आणि पुरुषांची पथकं ब्रिटनभर फिरून गाणी म्हणत आणि जमलेले पैसे गावाला पाठवत. दुसऱ्या शहरांतल्या युनियन, वर्तमानपत्रं यांनीही निधी उभे केले. शेकडो माणसं दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खाणींत गेली. घरी राहिल्या बायका, मुलं, म्हातारे. आधी काही महिने एकजूट पक्की होती.

आणि मग ११ जून १९०१ ला खाण पुन्हा उघडली. सुमारे चारशे जण कामावर परतले. प्रत्येकाच्या हातावर सोन्याचं एक सॉव्हरिन नाणं ठेवलं गेलं आणि पगारात पाच टक्के वाढ मिळेल असं सांगितलं गेलं.

त्यानंतर बेथेस्डाच्या खिडक्यांत कार्डं दिसू लागली. छापील कार्ड, त्यावर एकच वाक्य: ‘निड ओइस ब्राडूर अन अ टी हून’. म्हणजे, या घरात फितूर नाही.

‘ब्राडूर’ला मी फितूर म्हणतो. गद्दार हा शब्दही चालला असता, पण तो आपल्याकडे आता इतका वापरून झालाय की त्यात काही उरलं नाही. फितूर म्हणजे आतला. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारा. बेथेस्डाच्या लोकांना हेच म्हणायचं होतं.

या कार्डाबद्दल मी बराच विचार केला आहे. वरवर पाहता ते स्वतःबद्दल काही सांगतं: आम्ही संपाबरोबर आहोत. पण ते लागतं तेव्हा खरं काम करतं शेजारच्या रिकाम्या खिडकीवर. आपल्या एखाद्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी डीपी बदलला आणि एकाने नाही बदलला की सगळे त्या एकाकडेच बघतात, तसं काहीसं. फरक एवढाच की इथे खिडकी होती, समोर रस्ता होता आणि हातात दगड होते. कामावर परतलेल्यांची नावं वेल्श वर्तमानपत्रात याद्या करून छापली गेली. त्यांच्या खिडक्या फुटल्या. त्यांना ‘कन्फॉन’ म्हणायला लागले, म्हणजे शेपूट. मालकाच्या मागे हलणारं शेपूट. दुकानात कोणी बोलेना. चॅपलमध्ये कोणाच्या बाकावर कोण बसणार हा प्रश्न झाला. भाऊ भावाशी बोलेनासा झाला. दंगली वाढल्यावर गावात सैनिक आणून ठेवले गेले. परतलेल्यांपैकी अनेक कुटुंबं जवळच्या त्रेगार्थ गावात राहायला गेली, तिथे इस्टेटीची घरं होती.

संपाच्या इतिहासात मालक वाईट आणि कामगार चांगले हे सोपं असतं, आणि इथे ते बरंचसं खरंही आहे. मला लॉर्डबद्दल सहानुभूती नाही. मला विचार पडतो तो कार्ड खिडकीतून काढणाऱ्या माणसाचा. कोणीतरी ते काढलं असेल ना? आधी लावलेलं, मग एका रात्री उतरवलेलं. घरात आजारी मूल असेल, कर्ज असेल, किंवा नुसता कंटाळा आला असेल. भित्रेपणाही असेल. गावाने या सगळ्या कारणांना एकच शब्द दिला. आणि तरीही, कार्ड न काढणाऱ्या हजारोंच्या घरातही आजारी मुलं होतीच की. ती माणसं अडीच वर्षं अधिक टिकली. त्यांना आज आपण समंजसपणा शिकवायला जावं असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे एकमेकांच्या शब्दाशिवाय काही नव्हतं, आणि तो मोडणाऱ्याला त्यांनी माफ केलं नाही, एवढंच.

१९०३ च्या मार्चमध्ये लॉर्डने डब्ल्यू. जे. पॅरी या कामगारांच्या जुन्या पुढाऱ्यावर वर्तमानपत्रातल्या लेखाबद्दल केलेला बदनामीचा दावा जिंकला. पाचशे पौंड भरपाई, वर खर्च. निधी आटत चालला होता. १९०३ च्या नोव्हेंबरात संप संपला. काहीही मिळालं नाही. परत घ्यायचं कोणाला आणि नाही कोणाला हे मॅनेजरने ठरवलं, आणि पुढारी म्हणून माहीत असलेल्यांना दार बंद झालं. दक्षिणेत गेलेल्यांपैकी कितीतरी जण परतलेच नाहीत. दरम्यान गिऱ्हाइकांनी दुसरीकडून स्लेट घ्यायला सुरुवात केली होती. वेल्सच्या स्लेटला ते दिवस पुन्हा आले नाहीत.

पुढच्या वर्षी, १९०४ मध्ये, या गावात कॅराडॉग प्रिचर्ड जन्मला. तो पाच महिन्यांचा असताना बाप खाणीतल्या अपघातात गेला. पुढे आईचं मानसिक संतुलन बिघडलं आणि तिला डेनबीच्या इस्पितळात ठेवावं लागलं. त्याने १९६१ मध्ये एक कादंबरी लिहिली, नावाचा अर्थ ‘एका चांदण्या रात्री’. आता ती वेल्श भाषेतली सर्वोत्तम कादंबरी मानतात. तिच्यात संप कुठे समोर येत नाही. येतं ते त्यानंतरचं गाव. मी ती इंग्रजीतून वाचली, त्याच गावात, पावसात, आणि वाचून झाल्यावर दोन दिवस मुख्य रस्त्याने चालताना कसंसंच झालं.

खाण पोटात घेऊन मरणाऱ्यांची गोष्ट तर आणखी लांब चालली. स्लेटची धूळ फुप्फुसात बसते. या भागातल्या खाणींचे डॉक्टर कितीतरी वर्षं सांगत राहिले की धुळीचा दोष नाही, कामगार दिवसभर उकळून उकळून काळा चहा पितात त्याने तब्येत बिघडते. चहाने! कोळशाच्या खाणीतल्या लोकांना भरपाई मिळू लागली तरी स्लेटवाले वाट बघत राहिले, कारण त्यांच्या कितीतरी खाणी बंद पडलेल्या, मग दावा लावायचा कोणावर? शेवटी १९७९ मध्ये कायदा झाला. तोही कसा, तर कॅलहन सरकारला लोकसभेसारख्या त्यांच्या सभागृहात एकेक मत हवं होतं. प्लाइड कम्री या वेल्श पक्षाचे तीन खासदार होते. त्यांनी स्लेट कामगारांच्या भरपाईच्या बदल्यात सरकारला मत दिलं. २८ मार्चला सरकार तरीही एका मताने पडलं आणि थॅचरबाई आल्या. भरपाईचा कायदा मात्र राहिला. तोपर्यंत मोठ्या संपातली माणसं अर्थातच कधीच गेली होती.

आज खाणीचा एक भाग चालू आहे. दुसऱ्या भागात खोल खड्ड्यात पाणी साचून निळं तळं झालंय आणि २०१३ पासून त्यावरून तारेला पोटावर लटकून पर्यटक सुसाट जातात. २०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सचा हा सगळा स्लेटचा प्रदेश जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. गावात वेल्श अजून घराघरात बोलतात. किराणा दुकानात मी ‘दिओल्ख’ म्हणजे धन्यवाद म्हणायला शिकलो, तेवढ्यावर दुकानदारीण खूश.

किल्ला १९५१ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. हल्ली तिथे जमैकाबद्दल आणि संपाबद्दलही माहिती लावलेली असते. तरी बेथेस्डात अशी घरं आहेत जिथल्या कोणीही आजवर त्या फाटकातून आत पाऊल टाकलेलं नाही. माझ्या घरमालकीण आजी त्यातल्याच. त्यांनी ते कधी भाषण देऊन सांगितलं नाही. एकदा मी टीव्हीवर किल्ला दिसल्यावर सहज विचारलं, तर म्हणाल्या की आमच्याकडे जात नाहीत, आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.

मे महिन्यात परीक्षा संपल्यावर मी गेलो. तिकीट काढलं, आत शिरलो. मोठमोठे जिने, कोरलेले दगड, रंगीत काचा, तो पलंग. पलंगाजवळ मी बराच वेळ उभा होतो. कोणी फोडला असेल तो दगड, कोणाच्या बार्गेनमधून निघाला असेल. बाहेर आलो तर लख्ख ऊन पडलं होतं आणि दूर डोंगरावर खाणीच्या पायऱ्या जांभळ्या दिसत होत्या. किल्ल्यातून खाण इतकी स्पष्ट दिसते हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळच्या बसने बेथेस्डाला उतरलो. आजी खिडकीत झाडांना पाणी घालत होत्या. म्हणाल्या, आज दिवसभर कुठे होतास?

बँगोरला, मी म्हणालो. लायब्ररीत.